जाळीचं मुसकं आणि आमचा भुरा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

भुरा आमच्याकडे आला तेव्हा पाच वर्षांचा होता. मोठ्या माणसांशी एकदम मऊ, इतर कुत्र्यांशी बरा, पण दोन-तीन वर्षांचं मूल दिसलं की अंग ताठ. पहिल्याच महिन्यात ताई तिच्या मुलीला घेऊन आली. पोर दुडुदुडु त्याच्याकडे धावली. त्याने मान फिरवली, नाकावरून जीभ फिरवली, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसला आणि मग गुरगुर ऐकू आली. मी त्याच्यावर जोरात ओरडले. ती माझी मोठी चूक होती. हे झेपत नाहीये, हे तो गुरगुरून सांगत होता. ते सांगणंच आपण दडपलं, तर एक दिवस तो न सांगता चावेल.

मुसकं घ्यायच्या आधी डॉक्टरांकडे गेलो, आणि हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. भुऱ्याच्या मागच्या पायाचा सांधा दुखत होता. कुठून कसं येऊन अंगावर पडेल याचा नेम नसलेलं लहान मूल अशा कुत्र्याला किती भीतीदायक वाटत असेल! औषध सुरू झाल्यावर निम्मा ताठरपणा गेला. उरलेल्या निम्म्यासाठी हे आठ महिने.

मुसकं म्हटलं की मराठीत मुसक्या आवळणंच आठवतं, त्यामुळे घरात आधी विरोध झाला. पण तोंड घट्ट बांधणारी कापडी पट्टी वेगळी आणि जाळीचं मुसकं वेगळं. कुत्रा अंगातली उष्णता धापा टाकून बाहेर काढतो. कापडी पट्टीत जबडा उघडतच नाही, म्हणून ती दवाखान्यात दोन-चार मिनिटांपुरती ठीक. जाळीच्या मुसक्यात तोंड पूर्ण उघडतं, पाणी पिता येतं, खाऊ घेता येतो. खाऊ देता येणं तर फार महत्त्वाचं, कारण पुढचं सगळं शिकवणं त्यावरच चालतं.

माप घेताना मी चुकले. तोंड मिटलेलं असताना घेर मोजला आणि अगदी अंगासरशी बसणारी जाळी घेतली. त्यात बिचाऱ्याला धाप टाकता येईना. दुसरी घेताना खेळून आल्यावर, तोंड उघडं असताना मोजलं. नाकाच्या टोकापुढे बोटभर जागा ठेवली आणि वरची कड डोळ्यांना लागत नाही ना तेही पाहिलं. ही रबराची आहे, आणि कपाळावरून मागे जाणारा पट्टा असलेली. तो पट्टा हवाच. त्याच्याशिवाय भुऱ्याने पंजाने दोन मिनिटांत जाळी उतरवली होती.

घालायची सवय लावायला तीन आठवडे गेले. पहिले काही दिवस मी जाळी फक्त वाटीसारखी हातात धरायचे, आत उकडलेल्या चिकनचा तुकडा, आणि तो स्वतःहून नाक घालायचा. मी जाळी त्याच्याकडे कधीच नेली नाही, त्यानेच जाळीकडे यायचं. पट्टा मानेमागे नुसता टेकवणं, मग एक क्षण लावून लगेच सोडणं, मग घरात पाच मिनिटं. मुलांच्या जवळपास ती पहिल्यांदा घातली ती सवय पक्की झाल्यावरच. नाहीतर जाळी म्हणजे मूल आणि मूल म्हणजे संकट, अशी गाठ त्याच्या डोक्यात बसली असती.

आता मुख्य गोष्ट. मुसक्याने भुऱ्याची भीती कमी झाली नाही. भीती कमी झाली ती अंतराने. मुसक्याने बदलले ते माझे हात. पूर्वी समोरून मूल आलं की मी नकळत दोर आवळायचे, आणि तो ताण थेट त्याच्या गळ्यापर्यंत पोचायचा. जाळी असल्यावर माझा श्वास मोकळा राहिला, दोर सैल राहिला. शिवाय जाळी पाहून आईवडील मुलांना आपणहून लांब ठेवतात, 'हात लावू का' विचारायला कोणी येत नाही. ती मोकळी जागा आम्हाला सोन्यासारखी होती.

कुत्र्यांचं सामाजिक वळण पडायचा काळ वयाच्या साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. पाच वर्षांच्या कुत्र्याला मुलांच्या घोळक्यात नेऊन 'सवय होईल' म्हणणं म्हणजे त्याला खोल पाण्यात ढकलणं. आम्ही बागेपासून इतक्या लांब बसायचो की मुलं त्याला दिसायची, पण त्याला खाऊ घेणं जमायचं. क्रम असा: आधी मूल दिसायचं, मग खाऊ. मूल नजरेआड झालं की खाऊ बंद. आधी खाऊ आणि मग मूल असं झालं, तर खाऊच धोक्याची खूण बनतो. खाऊ नाकारला किंवा हातातून हिसकावून घेतला, की मी समजायचे, आपण फार जवळ आलोय. लगेच मागे. सुरुवातीला चाळीस पावलं लागायची. सहाव्या महिन्यात बारा.

मध्ये चौथा महिना वाईट गेला. सकाळी दवाखाना, दुपारी घरात खूप आवाज करणारी दुरुस्ती, आणि संध्याकाळी मी त्याला बागेत नेलं. एकेक गोष्ट त्याने सहन केली असती, तिन्ही एका दिवसात नाही. चेंडूमागे धावत आलेल्या मुलाच्या अंगावर तो झेपावला. दोर होता, जाळी होती, मुलाला काही झालं नाही, पण माझे पाय थरथरत होते. त्यानंतर तीन दिवस बाहेरचा सराव बंद ठेवला आणि पुन्हा तीस पावलांवरून सुरुवात केली. जाळी आहे म्हणून जवळ नेऊ नका, हे मी त्या दिवशी शिकले. जाळीसकट डोक्याची धडकही लहान मुलाला जोरात लागते.

वस्तू म्हणून सांगायचं तर रबर टिकाऊ आहे. नाकाच्या वरच्या बाजूला दुसऱ्या महिन्यात केस घासले गेले. तिथे आतून मऊ अस्तर चिकटवलं आणि ते थांबलं. लाळ साचते, म्हणून जाळी रोज कोमट पाण्याने धुवावीच लागते. पट्ट्याची भोकं सैल झाली आहेत, ती दर वेळी तपासते.

आज भाची येते तेव्हा भुरा मधल्या दारातल्या आडव्या फाटकापलीकडे असतो आणि बऱ्याचदा तिच्याकडे पाठ करून झोपतो. तो झोपू शकतो, हे मला फार मोठं वाटतं. फाटकाच्या अलीकडे दोघं आली तर भुऱ्याच्या तोंडाला जाळी, माझ्या हातात दोर आणि ताई मुलीला धरून. धावायचं नाही, त्याच्या अंथरुणाजवळ जायचं नाही, मिठी तर नाहीच. भाचीने जमिनीवर तुकडा टाकायचा, त्याने घेऊन माझ्याकडे परतायचं. दोघांना एकटं मी एक मिनिटही सोडत नाही आणि सोडणारही नाही. लहान मुलांना चावणारं कुत्रं बहुतेक वेळा ओळखीचंच असतं. त्यात मुलाची उंची अशी की चावा बऱ्याचदा चेहऱ्यावर बसतो.

परवा ती जमिनीवर बसून चित्र काढत होती. भुरा आपणहून चार पावलं पुढे गेला, हवेत वास घेतला, आणि वळून माझ्या पायाशी येऊन बसला. मी त्याला तीन तुकडे दिले.