इंग्रजी शब्दांसाठी पेपरचं संपादकीय पान, अडीच वर्षं वापरल्यावरचा रिव्ह्यू

मी पक्की मराठी मीडियमची, नांदेड जिल्ह्यातल्या झेडपी शाळेतली. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जागा घेतली तेव्हा कळलं की युपीएससी मेन्सला इंग्रजीचा पेपर ३०० मार्कांचा असतो आणि त्यात २५ टक्के पडले नाहीत तर बाकी कितीही चांगलं लिहिलं तरी उपयोग नाही, तेव्हा खरंच झोप उडाली होती. एका क्लासने शब्दांची जाडजूड पीडीएफ दिली, रोज पन्नास शब्द पाठ करा म्हणाले. दोन महिने केलं ते. शब्द यायचे आणि आठवड्यात उडून जायचे, जे राहायचे ते वाक्यात कुठे बसवायचे हेच समजायचं नाही. मग रूममेट म्हणाली पीडीएफ ठेव बाजूला आणि द हिंदू किंवा इंडियन एक्स्प्रेसचं मतांचं पान वाच, राजकारणावरचंच वाच. तेव्हापासून वाचतेय, म्हणून हा रिव्ह्यू लिहायचा मला हक्क आहे असं वाटतं.

राजकारणावरचंच का, ते मला कळलं मे २०२३ मध्ये. ११ मेला शिवसेनेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, पाच न्यायाधीशांचं घटनापीठ. अभ्यासिकेत त्या दिवशी दुसरा विषयच नव्हता. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते चुकीचं होतं, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता स्वतःच राजीनामा दिला म्हणून त्यांचं सरकार परत आणता येत नाही, हे सगळं आम्ही मराठीत चघळून झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी इंग्रजी पेपर उघडला तर ‘स्टेटस क्वो अँटे’. डिक्शनरी काढायच्या आधीच अर्थ हातात होता! स्टेटस क्वो म्हणजे आपल्या कोर्टकचेरीतलं ‘जैसे थे’, आणि अँटे लागलं की भांडण सुरू व्हायच्या आधीची स्थिती. हा शब्द मी कधीच पाठ केला नाही आणि आता तो विसरणंही शक्य नाही.

त्याच निकालात ‘व्हिप’, म्हणजे आमदारांनी पक्षाच्या बाजूने मत द्यावं म्हणून आदेश काढणारा प्रतोद, कोणाचा खरा, हा मोठा मुद्दा होता. प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, नुसत्या आमदारांच्या गटाचा नाही असं कोर्टाने सांगितलं. आता गंमत बघा, इंग्रजीतला व्हिप हा कोल्ह्याच्या शिकारीत कुत्र्यांना कळपात ठेवणाऱ्या माणसावरून आलाय आणि आपला प्रतोद म्हणजेही चाबूकच. दोन्ही भाषांनी तेच चित्र धरलंय, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

असे जोड मी वहीत लिहायला लागले. हॉर्स ट्रेडिंग म्हणजे घोडेबाजार, ऑर्डिनन्स म्हणजे वटहुकूम, वोल्ट फास म्हणजे घूमजाव, टो द लाइन म्हणजे पक्षाची री ओढणं, साइने डाय म्हणजे बेमुदत तहकूब. आपल्याला हे शब्द आयुष्यभर ऐकून माहीत असतात, टीव्हीवर, पारावर, घरात वडील आणि काका भांडतात तेव्हा, फक्त त्यांची इंग्रजी नावं माहीत नसतात एवढंच. म्हणून माझा सल्ला असा की आधी मराठी पेपरचा अग्रलेख वाचा आणि मग त्याच विषयावरचा इंग्रजी. मी आधी लोकसत्ता घेते आणि मग एक्स्प्रेस. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला दर्पण काढलं त्यात एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारच्या रकान्यात मराठी असायचं. आपलं पहिलं मराठी वृत्तपत्रच असं होतं, आणि मला वाटतं दोन भाषा शेजारी ठेवून वाचण्यासारखी दुसरी पद्धत नाही.

द हिंदूचं पान जास्त शांत आहे, संपादकीय आखूड असतात, वाक्यं आटोपशीर, सुरुवात करणाऱ्याने तिथूनच करावी. एक्स्प्रेसमध्ये संपादकीय पानाबरोबर आयडियाज पेज असतं, तिथे प्रोफेसर, माजी अधिकारी, नेते स्वतः लिहितात त्यामुळे शैली रोज बदलते, एक वाक्य पाच ओळींचं तर पुढचं तीन शब्दांचं. पहिले तीन महिने मला एका लेखाला तास लागायचा. आता वीस मिनिटं.

इथे एक सापळा आहे आणि तो पीडीएफमध्ये कोणी सांगत नाही. काही शब्दांचे दोन उलटे अर्थ असतात. सँक्शन म्हणजे मंजुरी, पण एखाद्या देशावर सँक्शन लावले म्हणजे निर्बंध. ओव्हरसाइट म्हणजे देखरेख आणि नजरचूकसुद्धा. ‘टेबल’ तर कहर आहे, आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये बिल टेबल केलं म्हणजे सभागृहात मांडलं, अमेरिकेत टेबल केलं म्हणजे बाजूला ठेवून दिलं. लेख कुठल्या देशाच्या राजकारणावर आहे ते न बघता वाचलं की सगळा अर्थच उलटतो. ‘प्रोरोग’ मला असाच ब्रिटनमुळे कळला, २०१९ मध्ये तिथल्या सरकारने संसदेचं सत्र संपवलं आणि २४ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरवलं. तहकूब करणं वेगळं, सत्रसमाप्ती वेगळी, विसर्जन वेगळं, हे त्या एका प्रकरणावरच्या लेखांतून डोक्यात पक्कं बसलं.

आता कमी काय आहे तेही सांगते. उच्चार अजिबात कळत नाहीत, त्यासाठी मी मोबाईलवर डिक्शनरीचा आवाज ऐकते आणि लेख मोठ्याने वाचते. दुसरं, हे शब्द सत्तेचे, कायद्याचे आणि भांडणाचे आहेत, डॉक्टरला दुखणं सांगायला किंवा बँकेत खातं उघडताना बोलायला यातलं काही कामाला येत नाही, बोलायचं इंग्रजी वेगळं शिकावं लागतं. आणि तिसरं महत्त्वाचं, मत वाचताना शब्दाबरोबर मतही आत शिरतं. एखाद्या सरकारच्या निर्णयाला कोणी ‘बोल्ड’ म्हणतो, कोणी ‘ब्रेझन’, गोष्ट एकच, एकाने धाडस म्हटलं दुसऱ्याने निर्लज्जपणा. म्हणून मी एका विषयावर दोन विरुद्ध बाजूंचे लेख वाचते. शब्दांचा खरा वजनकाटा तिथेच कळतो, यासाठी तरी हे पान पीडीएफपेक्षा कितीतरी वरचं आहे.

पैशांचं म्हणाल तर अभ्यासिकेत पेपर येतोच, नसेल तर सार्वजनिक वाचनालयात जा. जुने अंक रद्दीवाल्याकडे किलोवर मिळतात आणि संपादकीय शिळं झालं तरी शब्द शिळे होत नाहीत. दिवसाला पाचच शब्द घ्या, आणि प्रत्येक शब्द लेखातल्या पूर्ण वाक्यासकट लिहा, एकटा नको.

दहावी-बारावीच्या मुलांना मात्र लगेच हे पान देऊ नका, विषयच माहीत नसेल तर शब्द कशाला धरून राहणार. माझा भाऊ बारावीत आहे, त्याला मी क्रिकेटचं पान दिलंय. तिथे काय झालं ते त्याला मॅच बघून आधीच माहीत असतं.