पुण्यातील एक सुश्रूषा केंद्र : आईच्या चार महिन्यांच्या मुक्कामानंतर

माझी आई ८१ वर्षांची. न्हाणीघरात पाय घसरून तिच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, पण घरी आम्ही दोघेही नोकरी करणारे, शिवाय तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घराला लिफ्ट नाही. त्यामुळे तिला पुण्यातील एका खासगी सुश्रूषा केंद्रात ठेवावे लागले. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या त्रुटी मला तेथे दिसल्या त्यांतील काही पुढे दुरुस्त झाल्या.

प्रवेशापूर्वी आम्ही कागदपत्रे पाहिली आणि तसे करणे योग्यच ठरले. आजारी, जखमी किंवा दुर्बळ माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागेची १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. केवळ ‘वृद्धाश्रम’ अशी पाटी लावून आत नाकातून नळीने अन्न देणे, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणे, सलाइन लावणे चालू असेल, तर त्या जागेकडे ही नोंदणी आहे का, हे विचारलेच पाहिजे. या केंद्राचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले होते आणि त्याची मुदतही शिल्लक होती. दरपत्रकही तेथेच होते. परिचारिकांपैकी कोण जीएनएम (परिचर्येचा पूर्ण पदविका अभ्यासक्रम केलेली) आणि कोण एएनएम (साहाय्यक परिचारिकेचा लहान अभ्यासक्रम केलेली), कोणाची महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी आहे आणि मावशी म्हणून काम करणाऱ्यांना शिक्षण कोणी दिले, हे विचारल्यावर व्यवस्थापक बाईंनी न चिडता एकेक फाईल काढून दाखवली. या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार होती ती रात्रीची. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. तसे न केल्यास माकडहाड, खुबा आणि टाचा येथील कातडीला रक्तपुरवठा होत नाही आणि बेडसोअर, म्हणजे सततच्या दाबाने होणारी जखम, होतो. त्याची पहिली खूण जखम नसते, तर लाली असते, आणि बोटाने दाबूनही ती पांढरी पडत नाही. तिसऱ्या आठवड्यात मी एका रात्री अकरा वाजता अचानक गेले. आईच्या पलंगाच्या कडेला अडकवलेल्या वहीत ‘१ वा. डावी कूस’, ‘३ वा. उजवी कूस’, ‘५ वा. उताणे’ अशा नोंदी एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताने आधीच भरून ठेवलेल्या होत्या. मी पांघरूण बाजूला करून तिची डावी टाच तळहातावर घेतली. रुपयाच्या नाण्याएवढा लालसर डाग होता आणि दाबून पाहिल्यावर तो तसाच राहिला. त्या मजल्यावर २२ रुग्णांसाठी दोन मावशी होत्या. त्यांच्यातील एक दिवसपाळी करून तशीच थांबलेली होती, कारण बदली येणारी आलीच नव्हती. त्या बाईंवर राग काढून उपयोग नव्हता. इतकी माणसे दोघींनी दर दोन तासांनी वळवणे शक्यच नाही.

सकाळी मी लेखी तक्रार दिली. व्यवस्थापनाने टाळाटाळ केली नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. एअर बेड त्याच दिवशी आला, टाचांखाली उशी देऊन त्या अधांतरी ठेवण्यात आल्या आणि दहा दिवसांत डाग ओसरला. रात्री तिसरी मावशी नेमली गेली. नोंदीपुढे वळवणाऱ्याची सही आणि प्रत्यक्ष वेळ घालण्याची पद्धत सुरू झाली. त्यानंतर मी चार वेळा अवेळी गेले. वही दर वेळी त्या घटकेपर्यंतच भरलेली होती.

जेवणाच्या बाबतीत हे केंद्र मला फार आवडले. आईला गिळताना ठसका लागतो. तिला पूर्ण बसवून, मऊ मुगाची खिचडी किंवा नाचणीची पेज लहान चमच्याने, आधीचा घास गिळल्याची खात्री करूनच देत असत आणि जेवल्यावर निदान अर्धा तास आडवी होऊ देत नसत, जेणेकरून अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका कमी व्हावा. एक मावशी तर ‘आजी, आ करा, अजून एकच,’ म्हणत तीन चतुर्थांश वाटी संपवायच्या. घरी आम्हाला ते कधीच जमले नव्हते.

औषधांत एकदा चूक झाली. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी निम्मी केली होती, पण जुना डोस तीन दिवस चालू राहिला आणि वॉकर धरून उभे राहताना आईला चक्कर आली. फिजिओथेरपिस्ट शेजारी होते म्हणून ती पडली नाही. त्यामुळे डोस बदलला की नवी चिठ्ठी फाईलला लागली का आणि जुनी रद्द केली का, हे नातेवाइकांनी स्वतः पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

एक गोष्ट मात्र अजूनही सुधारलेली नाही. मागच्या जिन्यात जुन्या गाद्या आणि दोन व्हीलचेअर रचून ठेवलेल्या आहेत. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बाळे दगावली. जी माणसे स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्यासाठी मोकळा जिना म्हणजे काय, हे तेव्हाच कळायला हवे होते. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये, असे वर्षातून दोनदा द्यावे लागते. ते येथे दिलेले आहे, पण प्रमाणपत्राने जिना मोकळा होत नाही. मी दोनदा सांगितले, ‘या आठवड्यात हलवतो’ असे दोनदा ऐकले.

आई आता वॉकरने व्हरांड्यापर्यंत जाते आणि पुढील महिन्यात तिला घरी आणण्याचा विचार आहे. तोपर्यंत तिला येथेच ठेवणार आहोत. मात्र तिची खाट आम्ही पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर, पुढच्या दाराजवळ हलवून घेतली आहे.