राइट की वॉल?
लिनक्समध्ये एकाच सर्व्हरवर लॉगिन असलेल्या एकाच माणसाला निरोप द्यायचा असेल, तर राइट (write) कमांड वापरा. पुढे त्याचं युजरनेम लिहा. एंटर दाबताच प्रत्येक ओळ त्याच्यासमोर उमटते, कंट्रोल-डी दाबलं की संवाद संपतो. तो अनेक टर्मिनलांवर (कमांड लिहायच्या खिडक्यांवर) असला, तर सर्वांत कमी वेळ निष्क्रिय असलेलं टर्मिनल राइट स्वतः निवडते. ही सोय मला फार मोलाची वाटते.

वॉल (wall) कमांड लॉगिन असलेल्या सगळ्यांना एकदम निरोप देते. सर्व्हर बंद करण्याआधी तीच हवी, एरवी टाळाच: कुणी व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये काम करत असेल तर मजकूर थेट त्याच्या स्क्रीनवर पसरतो. (फाइल सुरक्षित राहते, स्क्रीन पूर्ववत करायला कंट्रोल-एल दाबा.) ‘मेसग एन’ (mesg n) या कमांडने निरोप बंद केलेल्यांना साध्या युजरचे निरोप दिसत नाहीत, रूटचे, म्हणजे मुख्य प्रशासकाचे, मात्र दिसतात.