पिवळा पीएच पेन : बागेसाठी चालतो, पण शेवटच्या आकड्याच्या नादी लागू नका

द्राक्षाच्या फवारणीच्या पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्लधर्मी की अल्कधर्मी, ते मोजायला हा पेन ऑनलाइन मागवला, सव्वाचारशेला पडला. आधी आबा रंग बदलणारी पीएच पट्टी वापरायचे, पण पट्टीचा रंग एकाला हिरवा दिसतो नि दुसऱ्याला पोपटी, जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, मणी वाढवायचं संजीवक) डिपिंगच्या, म्हणजे त्यात घड बुडवायच्या दिवशी पहाटे पहाटे त्यावरनं वाद, म्हणून म्हटलं एकदाचा आकडाच दिसू दे. दोन सीझन वापरून लिहितोय, बॉक्स उघडल्या उघडल्या पाच स्टार देणाऱ्यातला मी नाही.

बॉक्समध्ये पेन, बटण सेल आणि बफरच्या, म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण बनवायच्या, दोन पुड्या, ४.०१ आणि ६.८६. त्यातली एक फाटलेली, निम्मी पावडर बॉक्सभर सांडलेली. सेलरला फोटो पाठवला तर उत्तर काय, "पेन चालू आहे ना सर?" चालू आहे हो, पण बफर नसेल तर तो खरं बोलतोय की खोटं ते कळणार कसं! एक स्टार तिथंच कापला. दुसरी पुडी २५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून ६.८६ च्या बफरमध्ये पेन बुडवला तर दाखवतोय ७.२१. दिसायला फरक ०.३५ चा, पण पीएच म्हणजे लॉगचा मामला, आकडा एकानं वाढला की पाणी आंबट करणारे हायड्रोजन आयन दहा पटीनं कमी; म्हणजे पेन ते जेवढे आहेत त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी दाखवत होता. बटण दाबून कॅलिब्रेट केल्यावर, म्हणजे बफरच्या आकड्याशी जुळवून घेतल्यावर, लायनीवर आला. त्यामुळे कॅलिब्रेट न करता "आमच्या बोअरचा पीएच अमुक" असं कुणी सांगितलं तर मी मान डोलावतो नि सोडून देतो.

आता त्या दोन डेसिमलचं. स्क्रीनवर ८.२० असं झोकात येतं, पण माहितीपत्रकातच लिहिलंय की अचूकता अधिक-उणे ०.१. चुलत्याची पोरगी बारावी सायन्सला आहे, तिचं आयनिक समतोल चालू होतं, तिला म्हटलं काढ बघू ८.२ ला हायड्रोजन आयन किती. बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबलच, आणि उणे ८.२ चा अँटिलॉग (लॉगचं उलट) टेबलात थेट सापडत नाही, तिथंच पोरं अडकतात. उणे ८.२ ला उणे ९ अधिक ०.८ असं फोडायचं, ०.८ चा अँटिलॉग ६.३१, म्हणजे ६.३१ गुणिले १० रेज टू मायनस ९ मोल पर लिटर (मोल म्हणजे रसायनात कण मोजायचं एकक). मग तिला ८.१ आणि ८.३ चं पण काढायला लावलं, एकाला ७.९ आलं नि दुसऱ्याला ५.०. म्हणजे पेन म्हणतो ८.२०, आणि खरी संख्या ५ ते ७.९ च्या मधे कुठंही. त्यामुळे शेवटचा आकडा निव्वळ शोभेचा, मी तर त्यावर चिकटपट्टीच लावलीय.

खरी गंमत पुढं झाली. बोअरचं पाणी ८.२, फवारणीला ६ च्या आसपास पाहिजे. धाकट्यानं हिशोब मांडला, पीएच ६ म्हणजे लिटरला १० रेज टू मायनस ६ मोल, २०० लिटरच्या ड्रमला ०.०००२ मोल, सायट्रिक ॲसिडचा एक मोल १९२ ग्रॅम, आलं ०.०४ ग्रॅम! तांदळाच्या दोन दाण्यांएवढं! "दादा, आबा उगाच पैसे घालवतायत." टाकलं तर पेन हललासुद्धा नाही, ८.२ च्या ८.२. आबा कोपऱ्यात उभे राहून हसतायत. आमच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, ॲसिडमधला हायड्रोजन आयन मोकळा राहायच्या आधी तेच गिळून टाकतं, आणि मीटर मोजतो फक्त मोकळे राहिलेले. शेवटी थोडं थोडं टाकत, ढवळत, मोजत गेलो तेव्हा साठ-पासष्ट ग्रॅमला ६ वर आलं. आबांचा अंदाज मूठभर होता, म्हणजे जवळपास तेवढाच. या कामाला मात्र पेन एक नंबर, पट्टीनं असं घोट घोट जमत नाही.

आरओचं पाणी मोजून सेलरला शिव्या देऊ नका, त्यात आयनच इतके कमी असतात की आकडा भरकटतच राहतो. आणि काचेचा टोकाचा फुगा कोरडा पडू देऊ नका, टोपणात केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइड) द्रावण दोन थेंब ठेवा, डिस्टिल्ड वॉटर नाही. पहिल्या सीझननंतर मी पेन तसाच शेडमध्ये टाकला होता, उन्हाळ्यानंतर काढला तर आकडा स्थिर व्हायला पाच मिनिटं, एक रात्र केसीएलमध्ये बुडवून ठेवला तेव्हा कुठं शुद्धीवर आला.

तसंही पीएच मीटर शेतमालासाठीच जन्माला आलाय, १९३४ ला कॅलिफोर्नियात अर्नोल्ड बेकमननं लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायला बनवला. लॅबला किंवा प्रॅक्टिकलच्या जर्नलला हा पेन घेऊ नका. बागेला घ्या, साडेतीन स्टार. बफरच्या पुड्या मात्र वेगळ्या मागवा, आणि आल्या आल्या फाटल्यात का ते बघा.