वस्तादांच्या छातीवरचा शिक्का: फोटो-संग्रहांचा आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या तालमीची स्मरणिका गेल्या आठवड्यात छपाईला जायची होती. ती एका शिक्क्यापायी अडली, म्हणून हे लिहायला बसलोय.

स्मरणिकेसाठी जुने फोटो गोळा करायचं काम गेले आठ महिने माझ्याकडं आहे. पैसा वर्गणीचा, रुपया खर्चला तरी गल्लीला हिशेब द्यावा लागतो. म्हणून सुरुवात फुकटातनं केली. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस. दोन्हींच्या साइटवर जुने फोटो बघता आणि उतरवून घेता येतात.

न्यूयॉर्कवाल्यांना माझे पैकीच्या पैकी गुण. २०१६ च्या जानेवारीत त्यांनी हक्क (म्हणजे कॉपीराइट) संपलेल्या १,८०,००० पेक्षा जास्त वस्तू मोठ्या फाइलींसकट खुल्या केल्या. अर्ज नाही, फी नाही. शोधताना फक्त हक्कमुक्त साहित्य दाखवायची सोय आहे. तेवढी खूण केली की निम्मी डोकेदुखी संपते.

लायब्ररी ऑफ काँग्रेसशी जुळवून घ्यायला मात्र दोन महिने गेले. तिथं फोटोखाली ओळ असते, ‘प्रकाशनावर ज्ञात निर्बंध नाहीत’. मी ती परवानगी समजलो होतो. तसं नाही. संग्रहातल्या बहुतेक फोटोंचे हक्क लायब्ररीकडं नसतात, त्यामुळं खात्री ज्याची त्यानं करायची. काही फोटो तर तिच्या इमारतीबाहेर नखाएवढेच दिसतात. आधी वाटलं, हात झटकतायत. आता वाटतं, जेवढं माहीत आहे तेवढंच लिहितात, आणि हे मला पटतं. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ ला सुरू झाली, तिच्यावरच्या लेखाला विल्यम हेन्री जॅक्सननं १८९५ च्या सुमारास हिंदुस्थानात काढलेला एक फोटो तिथूनच घेतला. कोल्हापूरचा नाही, पण काळ तोच, आणि लेखाखाली तसं स्पष्ट लिहिलंय.

एक सवय लावून घ्या. हक्काच्या ओळीचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. कॅरल हायस्मिथ या छायाचित्रकार बाईंनी आपले हजारो फोटो लोकांनी फुकट वापरावेत म्हणून याच लायब्ररीला दिले. त्यांच्याच संस्थेच्या साइटवर त्यांचाच फोटो होता, त्याबद्दल १२० डॉलर भरा असं पत्र फोटो विकणाऱ्या एका एजन्सीच्या वतीनं त्यांना आलं. २०१६ मध्ये त्या कोर्टात गेल्या, पण दाव्याचा बहुतेक भाग टिकला नाही. हे वाचल्यापासून माझ्या फोनमध्ये स्क्रीनशॉटचा वेगळा फोल्डर आहे.

आता शिक्का. आमच्या वस्तादांचं छापील पोस्टकार्ड, त्यावर साल १९२५, शहरातल्या एका वाचनालयात सापडलं. नाव लिहीत नाही. एका प्रतीला ५०० रुपये, दुसऱ्या आवृत्तीला पुन्हा परवानगी, आणि प्रत हातात आली तर वस्तादांच्या छातीवर आडवा शिक्का. लंगोटाची गाठ दिसते, छाती दिसत नाही. तिथल्या कर्मचाऱ्याला मी म्हटलं, काका, हे छापायचं कसं? ते म्हणाले, “कॉपीराइट आमचा हाय. शिक्का राहायलाच पायजे.”

इथं माझं डोकं फिरलं. फोटो कपाटात असला म्हणून हक्क कपाटवाल्याचा होत नाही. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छापलेल्या फोटोला प्रकाशनानंतर ५० वर्षं संरक्षण होतं, नंतर ते ६० झालं. २०१२ च्या दुरुस्तीनं फोटोसाठीचं वेगळं कलमच काढलं. आता छायाचित्रकाराचं आयुष्य आणि वर ६० वर्षं. पण एकदा संपलेला हक्क या वाढीनं परत जिवंत होत नाही. १९२५ ला छापलेल्या कार्डाचा हक्क १९७५ लाच संपला. शिक्का मारून तो परत येत नाही.

इथवर रविवारी लिहिलं होतं. मंगळवारी कायद्याची कलमं छापून परत गेलो. ग्रंथपाल मॅडमनी मला आत नेऊन ते कार्ड दाखवलं. कडा तुटलेल्या, मागं वाळवीची रेघ. बटर पेपरात ठेवलेलं, हातमोजे घालून स्कॅन केलेलं. मग ५०० रुपयांबद्दलची माझी तक्रार मी तिथंच मागं घेतली. जपणुकीचे आणि स्कॅनचे पैसे त्यांनी जरूर घ्यावेत, पावतीवर तसं लिहून. मॅडम म्हणाल्या, “दादा, आधी लोक फोटो न्यायचे आणि आमचं नावसुद्धा टाकायचे नाहीत. म्हणून शिक्का सुरू केला.” हे दुखणं खरं आहे. त्यावर उपाय फोटोखालची ओळ आहे, तशी हमी मी लिहून दिली.

शिक्क्याविना प्रत काल मिळाली. पावतीवर ‘स्कॅनिंग शुल्क’ असं लिहिलंय. फोटोखाली वाचनालयाचं नाव आमच्या अध्यक्षांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात टाकायला डीटीपीवाल्याला सांगितलंय. अजून दोन फोटोंवर शिक्का तसाच आहे, त्यांचे अर्ज सोमवारी देणार.