धुळीवर विश्वास ठेवला

वर्षानुवर्षं बंद पडलेली जुनी गाडी बघायला जाल तेव्हा तिच्यावरच्या धुळीला पुरावा समजू नका. धूळ टाकता येते. मी घेतलेल्या गाडीवर ती टाकलेलीच होती, आणि ते कळेपर्यंत माझी बरीच वर्षांची शिल्लक दुसऱ्याच्या खिशात गेली होती. असाच व्यवहार करायच्या बेतात असलेल्या एखाद्याचा हात थांबावा म्हणून हे लिहितोय.

गाडी होती डॅटसन 240झेड. निस्साननं ती 1969च्या अखेरीस जपानमध्ये आणली तेव्हा तिचं नाव होतं फेअरलेडी झेड. अमेरिकेतला निस्सानचा कारभार तेव्हा युताका कातायामा पाहत होते. असलं नाव तिथे चालणार नाही हे त्यांनी ओळखलं आणि गाडी 240झेड म्हणून विकली. लांबलचक बोनेट, त्याखाली एका रांगेत सहा सिलिंडरचं 2393 सीसीचं इंजिन, दोन कार्ब्युरेटर, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. एवढं सगळं अमेरिकेत सुरुवातीला 3,526 डॉलरला मिळत होतं. युरोपातल्या स्पोर्ट्‌स गाड्यांना त्या किमतीत तिच्या जवळपासही येता येत नव्हतं. 1971 आणि 1973 अशी दोनदा तिनं पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली जिंकली, आणि 1973 साली तिच्या स्टिअरिंगवर शेखर मेहता होते. चिखलानं माखलेल्या त्या गाडीचे फोटो मी लहानपणापासून जपून ठेवलेत. आपल्यासारख्या नावाचा माणूस ती गाडी चालवतोय, हे तेव्हा माझ्या मनावर कोरलं गेलं ते कायमचं.

आता या गाडीत एक बारकावा आहे. माझ्या फसवणुकीचं सगळं मूळ त्यातच आहे. 1971च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या गाड्यांच्या मागच्या झाकणावर, म्हणजे काच असलेला जो दरवाजा वर उघडतो त्याच्या पत्र्यावर, केबिनमधली हवा बाहेर जायला दोन जाळ्या असतात. नंतर कंपनीनं त्या तिथून काढल्या आणि हवेची वाट मागच्या खिडकीमागच्या खांबांत, सी-पिलरमध्ये नेली. तिथे 'झेड' अक्षराचं गोल चिन्ह आलं. त्याआधीच्या गाड्यांना त्याच जागी नुसतं '240झेड' असं लिहिलेलं असतं. दिसायला फरक एवढाच. पण आरंभीच्या त्या गाड्या आज संग्राहक शोधत फिरतात आणि त्यांचा भाव पुढच्या वर्षांच्या गाड्यांपेक्षा पुष्कळ चढा असतो. म्हणजे नंतरच्या गाडीला आधीची म्हणून खपवलं, तर मधला सगळा फरक विकणाऱ्याचा.

मला 1970ची गाडी म्हणून फोटो आले. एका बंद शेडमध्ये, जुन्या फळ्यांच्या आणि रिकाम्या पिंपांच्या मधोमध ती उभी होती. वारलेल्या काकांची गाडी, 1988पासून जागची हललेली नाही, घरात कुणाला रस नाही, जागा मोकळी करायची आहे, असं विकणारा म्हणाला. बोलणं साधं, आवाज हळू. भाव फार कमी नव्हता, म्हणून मला संशय आला नाही. फसवणारा माणूस कवडीमोलानं विकतो अशी आपली समजूत असते. हा मात्र बाजारभावाच्या थोडंसंच खाली थांबला होता.

शेडचं दार उघडलं आणि टॉर्चच्या उजेडात गाडी दिसली तो क्षण अजून डोळ्यांसमोर आहे. काचेवर, छतावर, बोनेटवर, दारांवर करड्या धुळीचा जाड थर. मी दारावरून बोट फिरवलं तर खालचा नारिंगी रंग उघडा पडला. त्या एका रेघेनं मी हरलो. मनात आलं, इतक्या वर्षांत या गाडीला कुणी हातही लावलेला नाही, म्हणजे हिच्यात लपवालपवी कुठून असणार? पॉलिश केलेली गाडी असती तर मी तिच्याकडे संशयानं पाहिलं असतं. मळलेल्या गाडीकडे मी मायेनं पाहिलं.

तपासणी केली नाही असं नाही. चेसिस नंबर पाहिला. बोनेट उघडल्यावर समोर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, तो ठोकलेला असतो. एचएलएस30 अशी सुरुवात, पुढचे आकडे कागदपत्रांशी जुळणारे. एचएलएस म्हणजे डाव्या बाजूला स्टिअरिंग, तेही बरोबर. मागच्या झाकणावर दोन जाळ्या होत्या. प्लग काढून क्रँकच्या पुलीवर पाना लावला, इंजिन हातानं फिरलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "उद्या दुसरे एक जण येतायत, पण तुम्ही पहिले आलात, तुम्हालाच देईन," असं तो मला म्हणाला. मी जागेवरच इसार दिला आणि आठवड्याभरात उरलेली रक्कम. त्यानं पुढे केलेल्या कागदावर 'आहे त्या स्थितीत विकली' अशी एक ओळ होती. मी ती वाचली होती. जुन्या गाडीच्या कागदावर असंच असतं म्हणून सही केली.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस नुसता आनंद होता. कार्ब्युरेटर उघडले तर आत पितळ चकाकत होतं. टाकीत डोकावलो तर ती कोरडी आणि स्वच्छ. नशीब म्हणायचं, असं तेव्हा वाटलं. खरं तर तिथेच मी थांबायला हवं होतं. पेट्रोल वर्षानुवर्षं साचून राहिलं की त्याचा तपकिरी चिकटा होतो, उग्र वार्निशसारखा वास येतो, जेट बुजतात आणि टाकीच्या तळाशी गंजाचा चुरा साचतो. 1988पासून उभ्या असलेल्या गाडीत त्यातलं काहीच नसेल, तर ती 1988पासून उभी नाही.

मग मी गाडी धुवायला घेतली. पाणी पडताच धूळ पिठासारखी वाहून गेली. खरी जुनी धूळ अशी जात नाही. ती हवेतली ओल पिऊन रंगाला चिकटते, डाग ठेवते, घासावी लागते. शिवाय धूळ वरून खाली बसते. छतावर जाड, बोनेटवर जाड, दारांच्या उभ्या पत्र्यावर अगदी पातळ, आणि चाकाच्या कमानीच्या आतल्या वरच्या बाजूला तर जवळजवळ नसतेच. माझ्या गाडीवर ती सगळीकडे सारख्याच जाडीची होती. कुणीतरी ती चाळणीनं किंवा पंप्यानं उडवली असणार.

त्याच संध्याकाळी टायर पुसले. टायरच्या बाजूवर एका चौकटीत आकडे असतात. चार आकडे असतील तर पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चार आकड्यांची ही पद्धत 2000 सालापासून आली, त्याआधी तीनच आकडे असत. माझ्या चारही टायरांवर चार-चार आकडे होते. मी ओल्या फडक्यासकट तिथेच खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी चुंबक घेतलं. साधं, फ्रिजवर लावतात तसलं, रंगाला चरा पडू नये म्हणून सुती कापडात गुंडाळलेलं. पत्रा असेल तिथे ते ओढ घेतं, पुट्टी असेल तिथे घसरून पडतं. दारांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांच्या कमानी, दारामागचा तो कोपरा, या गाडीत गंज धरण्याच्या ठरलेल्या जागा आहेत. तिथे चुंबक पडणार हे धरूनच चाललो होतो, आणि पडलंही. ते सहन करण्याजोगं होतं. मग मी हात वर नेला आणि सी-पिलरवर, '240झेड' या अक्षरांशेजारी चुंबक ठेवलं. पडलं. एक बोट पुढे ठेवलं, चिकटलं. मागे आणलं, पडलं. असं करत करत मी जिथे जिथे ते पडत होतं तिथे खडूनं ठिपके दिले आणि दोन पावलं मागे आलो. ठिपक्यांचं गोल वर्तुळ झालं होतं. दुसऱ्या बाजूला जाऊन तेच केलं. तिथेही तसंच वर्तुळ, त्याच मापाचं.

गंज गोल गोल वर्तुळात धरत नाही. त्या जागी नंतरच्या गाडीची गोल जाळी होती. ती काढून, भोक बुजवून, वर पुट्टी घासून, रंग देऊन, त्यावर आधीच्या गाडीची अक्षरं चिकटवली होती. मागचं झाकण बिजागऱ्यांवर असतं, चार बोल्ट काढले की दुसरं लागतं. सी-पिलर बदलता येत नाही, म्हणून तो असा झाकला होता.

माझ्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांना बोलावलं. हे मिस्त्रीकाका आधी काहीच बोलले नाहीत, सरळ गाडीखाली गेले. बराच वेळ टॉर्चचा उजेड तेवढा इकडेतिकडे हलत राहिला. मग खालूनच म्हणाले, "हाफशाफ्ट सरळ आहेत रे." आरंभीच्या गाड्यांत डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारी गिअरची पेटी, थोडं पुढे बसवलेलं होतं, त्यामुळे चाकांकडे जाणारे हाफशाफ्ट तिरके दिसतात. 1971मध्ये ते मागे सरकवलं आणि शाफ्ट सरळ झाले. फरशीला खालून नवं काळं डांबर फासलेलं होतं. काकांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि फारसा जोर न लावता तो मुठीपर्यंत आत गेला. पत्रा नव्हताच. फायबरचं कापड, राळ आणि वर डांबर. सीटबेल्टच्या शिवणीतलं लेबल मी उलटून पाहिलं, त्यावर 1972 होतं.

शेवटी फायरवॉल. काकांनी नंबराभोवतीचा रंग सावकाश खरवडला. आकड्यांपासून चार बोटांवर एक बारीक उंचवटा लागला, तो चारी बाजूंनी फिरत गेला. वेल्डिंगची शिवण घासून सपाट केलेली. 1970च्या कुठल्यातरी मेलेल्या गाडीतून नंबराचा तेवढा तुकडा कापून माझ्या गाडीत बसवला होता. कागदपत्रं खरी होती, नंबरही खरा होता, पण तो ज्या गाडीचा होता ती गाडी ही नव्हे. इंजिनाचंही तेच. हेड उतरवल्यावर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मोजला तर 83ऐवजी 86 मिलिमीटर भरला, आणि ब्लॉकवर एफ54 ही ओतीव खूण. म्हणजे कित्येक वर्षांनंतरच्या 280झेडएक्सचं एल28 इंजिन. त्याच्यावरचा मूळ नंबर घासून वर नवा ठोकला होता. हे मी आधीच बघू शकलो असतो. ब्लॉकच्या उजव्या अंगाला, मागे, हेडच्या सांध्याखाली ती सपाट जागा असते. तिथे ग्राइंडरचे चरे नुसत्या डोळ्यांना दिसत होते, पण मी तिथल्या मळालाही जुनेपणा समजून हात लावला नव्हता.

विकणाऱ्याला फोन केला. पहिल्यांदा उचलला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, मला गाड्यांमधलं काही कळत नाही, काकांनी काय केलं असेल ते त्यांनाच ठाऊक. आणि तुम्ही बघून घेतलीत ना?" त्यानंतर फोन लागला नाही. ती शेडही भाड्याची निघाली. पैशांपेक्षा मला त्या वारलेल्या काकांच्या गोष्टीचा राग जास्त येतो. मी गाडी नेताना त्याला म्हणालो होतो की तुमच्या काकांची आठवण म्हणून ही नीट सांभाळीन. त्यानं मान हलवली होती.

कायद्याचं सांगायचं तर बदललेल्या नंबराची गाडी हातात असणं ही फक्त विकणाऱ्याची अडचण राहत नाही, ती घेणाऱ्याच्याही गळ्यात पडते. मूळ गाडी चोरीची आहे का, हेही तपासलं जातं. मी स्वतःहून तक्रार दिली, चुंबकाच्या वर्तुळांचे, वेल्डिंगचे, टायरांचे फोटो जोडले. असं कुणाच्या बाबतीत झालं तर रंग आणखी खरवडू नका, काहीही दुरुस्त करू नका, जसं सापडलं तसं आधी टिपून ठेवा. आमच्याकडून फायरवॉल खरवडताना पहिल्या थराचा फोटो काढायचा राहिला, त्याची चुटपुट अजून आहे. आणि 'आहे त्या स्थितीत' या ओळीवर सही करण्याआधी तिच्या खाली गाडीचं वर्ष, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर हे मूळचेच आहेत, असं विकणाऱ्याच्या हातानं लिहून आणि सहीनिशी घ्या. खरा माणूस लिहून देतो. तो अडखळला तर तिथूनच परत फिरा, दुसरे जण उद्या येत असले तरी. बघायला जाताना गाडीवर जीव नसलेला एक जाणकार बरोबर न्या. माझ्याबरोबर मिस्त्रीकाका पहिल्या दिवशी असते तर ते गाडीखाली आधी गेले असते.

तक्रारीचा निकाल लागायचा आहे. तोवर गाडी विकता येत नाही, मोडता येत नाही, रस्त्यावर काढता येत नाही. हेड परत बसवून काकांनी इंजिन चालू करून दिलंय, आणि ते सुरेख चालतं. महिन्यातून एकदा फाटक लावून मी ते दहा मिनिटं चालू ठेवतो, मग बंद करतो. आच्छादन मुद्दाम घालत नाही. परवा पाहिलं, छतावर आणि बोनेटवर धुळीचा थर धरायला लागलाय. दारांवर जवळजवळ काहीच नाही.