डिजिटल चलन, आठ महिने रोज वापरून: पाठवणं जमलं, निस्तरणं अजून नाही

बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनात पैसे पाठवणं आता खरोखर सोपं झालंय. समोरच्याने क्यूआर दाखवला, आपण कॅमेरा धरला, की दोन-तीन सेकंदांत त्याच्या फोनवर टिंग वाजते. डिजिटल चलन सामान्य माणसाच्या कामाचं होईल का, याचं उत्तर बरेच जण या दोन-तीन सेकंदांवरून देतात आणि तिथेच फसतात. रोजच्या वापरात घोडं पाठवण्यात अडत नाही. ते पैसे घेताना अडतं, सांभाळताना अडतं, आणि चूक झाली तर जागचं हलतच नाही.

वापरात चार गोष्टी होत्या: फोनवरचं साधं बिटकॉइन वॉलेट (चाव्या, म्हणजे पैसे खर्च करायचे गुप्त आकडे, स्वतःकडे), एक लायटनिंग वॉलेट (बिटकॉइनच्या झटपट छोट्या व्यवहारांसाठी), डॉलरला बांधलेली टोकनं (एक टोकन म्हणजे एक डॉलर) दोन नेटवर्कवर, आणि बचतीसाठी हार्डवेअर वॉलेट (चाव्या फोनबाहेर वेगळ्या उपकरणात ठेवणारं). एक्स्चेंजवरची, म्हणजे नाणी विकत घ्यायच्या-विकायच्या कंपनीकडची शिल्लक यात धरलेली नाही. ती दुसऱ्याच्या वहीतली नोंद असते; तिच्याबद्दल पुढे येईलच.

चिल्लर महाग पडते

बिटकॉइनच्या मूळ साखळीवर (ब्लॉकचेन, सगळ्या व्यवहारांची सार्वजनिक वही) फी रकमेवर लागत नाही, व्यवहाराच्या आकारावर लागते. वॉलेटमध्ये आकडा एकच दिसतो, पण आत ती रक्कम सुट्या तुकड्यांत असते: जितक्या वेळा पैसे आले, तितके तुकडे. आजकालच्या वॉलेटचा पत्ता सहसा ‘बीसी१क्यू’ने सुरू होतो. अशा पत्त्यावरचा एक तुकडा खर्च करायला सुमारे ६८ व्हर्च्युअल बाइट (व्यवहाराचा आकार मोजायचं एकक) लागतात, पैसे जातात त्या प्रत्येक पत्त्याला ३१, आणि व्यवहाराचा वरखर्च ११ च्या आसपास. एक तुकडा मोडून कुणाला पैसे दिले आणि उरलेली मोड स्वतःकडे परत घेतली, तर व्यवहार होतो १४१ बाइटचा. बाइटमागे १० सॅट दर असेल तर फी १,४१० सॅट. (१ बिटकॉइन म्हणजे १० कोटी सॅट.)

आता दुसरं चित्र. ७,००० सॅटच्या ३० छोट्या जमा आल्या आहेत, शिल्लक दिसते २,१०,००० सॅट. ती सगळी एका पत्त्यावर पाठवायची तर ३० तुकडे × ६८, अधिक ३१, अधिक ११, म्हणजे सुमारे २,०८२ बाइट. दर ५ सॅट असताना फी १०,४१० सॅट, म्हणजे साधारण ५ टक्के. दर ५० झाला की १,०४,१००, निम्मी रक्कम गेली. दर १०० झाला की २,०८,२०० सॅट फीत जातात आणि हाती राहतात १,८००. पैसे चोरीला गेलेले नाहीत, स्क्रीनवर शिल्लकही दिसते आहे, फक्त ती खर्च करता येत नाही. रोजंदारीवर किंवा छोट्या विक्रीवर जगणाऱ्याची कमाई नेमकी अशीच, तुकड्यातुकड्यांनी येते. म्हणजे ज्याच्यासाठी हे चलन आहे असं सांगितलं जातं, त्यालाच ही रचना सर्वांत जड जाते.

यावर उपाय आहे: दर उतरलेला असताना (शनिवार-रविवारी बहुधा उतरतो) सगळे तुकडे स्वतःच्याच एका पत्त्यावर एकत्र करून ठेवायचे. पण तसं केलं की ते तीसही पत्ते एकाच माणसाचे आहेत हे साखळीवर कायमचं उघड होतं. शिवाय दर बघून पैशाची मोट बांधणं हे सामान्य माणसाचं काम नव्हे, ते वॉलेटने पडद्यामागे करायला हवं. आम्ही वापरलेल्या वॉलेटने ते केलं नाही.

दर किती चढतो? २० एप्रिल २०२४ ला ८,४०,००० व्या ब्लॉकला (व्यवहारांचा एक गठ्ठा) खाणकाऱ्यांचं, म्हणजे असे गठ्ठे साखळीला जोडणाऱ्यांचं, बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आलं. त्याच ब्लॉकपासून साखळीवर टोकनं काढायची एक नवी पद्धत सुरू झाली आणि दर शेकड्यांत गेला. ५०० सॅट दराने वरचा साधा १४१ बाइटचा व्यवहार ७०,५०० सॅटला पडतो. अशी गर्दी रोज नसते हे खरं, पण घरभाड्याची तारीख गर्दी बघून ठरत नाही.

व्यवहार कमी फीमुळे अडकला तर घाबरून दुसरा करू नये. पाठवणाऱ्याने त्याच व्यवहाराची फी वाढवावी. तसं बटण चांगल्या वॉलेटमध्ये असतं, फक्त पाठवतानाच ती सोय चालू आहे ना ते पाहावं. घेणाऱ्यालाही मार्ग आहे: येऊ घातलेला तुकडा लगेच स्वतःकडेच चढ्या फीने पाठवायचा, म्हणजे खाणकाऱ्याला दोन्ही मिळून परवडतं. काहीच केलं नाही तर बहुतेक नोड (नेटवर्क चालवणारे संगणक) १४ दिवसांनी असा व्यवहार विसरतात आणि पैसे पुन्हा पाठवणाऱ्याच्या नावावर मोकळे दिसतात. त्या चौदा दिवसांत घेणाऱ्याला ‘पैसे येतायत’ एवढंच दिसत राहतं.

लायटनिंग: वेग खरा, पण तारेवरचे मणी मोजा

छोट्या देण्याघेण्यासाठी लायटनिंग. कल्पना २०१५-१६ च्या सुमाराची, प्रत्यक्ष वापर २०१८ पासून. यात मूळ साखळीवर एकदा पैसे गुंतवून दोघांत ‘चॅनल’ उघडतात आणि पुढचे व्यवहार साखळीबाहेर होतात. फी इतकी कमी की शंभर सॅटही पाठवता येतात.

चॅनल म्हणजे मणी घातलेली तार समजा. १,००,००० सॅटचं चॅनल उघडलं तर सगळे मणी आपल्या टोकाला. पाठवता येतील सुमारे ९९,००० (१ टक्का राखीव ठेवावा लागतो), आणि घेता येतील शून्य! मणी पलीकडे सरकवायला जागाच नाही. ४०,००० खर्च केले की जवळपास तेवढे घेता येतात. नवीन माणसाला हे कुणी सांगत नाही. तो वॉलेट उतरवतो, मित्राला म्हणतो ‘पाठव’, आणि मित्राच्या फोनवर ‘मार्ग सापडला नाही’ असं येतं. दोष मित्राचा नाही, नेटचाही नाही. घेणाऱ्याच्या बाजूला जागा नाही.

हल्लीची फोन वॉलेटं यावर तोडगा म्हणून पहिली रक्कम येताच स्वतःहून चॅनल उघडून देतात. पण चॅनल उघडणं हा मूळ साखळीवरचा व्यवहार, त्याची फी त्या पहिल्या रकमेतून कापली जाते. दर चढा असेल तर पहिले ५,००० सॅट येतच नाहीत, वॉलेट नाकारतं. म्हणून सुरुवात मोठ्या रकमेने आणि दर उतरलेला असताना करावी. छोट्या रकमांसाठी बनवलेल्या सोयीची सुरुवात मोठ्या रकमेने करायची, हा विनोद नव्हे, आजची स्थिती आहे.

घेताना ॲप जागं हवं. फोनचं बॅटरी वाचवणारं सेटिंग ॲपला झोपवतं आणि आलेले पैसे परत फिरतात. त्या ॲपपुरतं ते सेटिंग बंद केलं की तक्रार बरीच कमी होते, पूर्ण जात नाही.

इनव्हॉइसची (घेणाऱ्याने दिलेला पैसे मागणारा कोड) मुदत वेगळी लिहिलेली नसेल तर एक तासाची असते आणि एक इनव्हॉइस एकदाच वापरायचं. वाटेतला एखादा नोड मधेच बंद पडला तर रक्कम लटकते: आपल्याकडून गेलेली, पलीकडे न पोचलेली. ती बुडत नाही, ठरलेली मुदत संपली की परत येते, पण त्याला कधी तास लागतात, कधी दिवस. अशा वेळी समोरचा ‘नवीन इनव्हॉइस देतो, पुन्हा पाठवा’ म्हणाला तर थांबावं. जुनं इनव्हॉइस दोनदा वसूल होत नाही, पण जुनं आणि नवं दोन्ही पोचू शकतात.

सर्वांत धोक्याची गोष्ट बॅकअपची. इतर सगळीकडे जुना बॅकअप म्हणजे काहीच नसण्यापेक्षा बरा. लायटनिंगमध्ये उलट. स्वतःचा नोड चालवणाऱ्याने चॅनलची जुनी नोंद परत आणून तिच्या आधारे चॅनल बंद केलं, तर नेटवर्क त्याला लबाडी समजतं आणि समोरचा चॅनलमधली सगळी रक्कम दंड म्हणून घेऊ शकतो. लबाडी की नवशिकेपणा, हे प्रोटोकॉलला कळत नाही. म्हणून जुनी फाइल परत चढवू नये. चॅनलच्या बॅकअपची जी खास फाइल असते ती आणि बारा शब्द (वॉलेट परत उभं करायची चावी, पुढे येईलच), दोन्ही ठेवावेत. नुसत्या बारा शब्दांवर चॅनलमधले पैसे परत येतीलच असं नाही.

डॉलरची टोकनं

पगार एका भावाने आला आणि भाडं दुसऱ्या भावाने गेलं, असं कुणालाच परवडत नाही. म्हणून प्रत्यक्षात लोक डॉलरला बांधलेल्या टोकनांकडे वळतात, आणि आमच्या मते ते बरोबरच करतात. पण तिथले काटे वेगळे आहेत.

पहिला काटा फीचा. इथेरियमवर (बिटकॉइनपेक्षा वेगळी साखळी) टोकन पाठवायला तिथलं नाणं इथर लागतं, ट्रॉनवर ट्रॉनचं स्वतःचं नाणं. वॉलेटमध्ये ५० डॉलरची टोकनं आहेत आणि इथर शून्य, तर त्या ५० ला कुलूप. इथेरियमवर साधं इथर पाठवायला २१,००० गॅस (तिथल्या फीचं माप) लागतो, टोकनला सुमारे ६५,०००; म्हणजे तिप्पट. थोडं मूळ नाणं नेहमी बाजूला ठेवावं, आणि ‘सगळे पाठवा’ हे बटण त्या नाण्यावर कधी दाबू नये.

दुसरा नेटवर्कचा. ट्रॉनचा पत्ता दिसायलाच वेगळा, त्यामुळे तिथली चूक वॉलेट पकडतं. इथेरियमच्या कुळातल्या नेटवर्कवर मात्र पत्ता एकसारखाच असतो. चुकीचं नेटवर्क निवडलं तरी व्यवहार यशस्वी दिसतो, पैसे भलत्याच साखळीवर जाऊन बसतात. चावी आपली असेल तर ते नेटवर्क वॉलेटमध्ये जोडून काढता येतात. पत्ता एक्स्चेंजचा असेल तर त्यांच्या दारात उभं राहणं आलं.

तिसरा काटा खास लबाडांचा. ते आपल्या नेहमीच्या पत्त्याची पहिली आणि शेवटची अक्षरं जुळणारा पत्ता बनवतात आणि तिथून शून्य किंवा नगण्य रक्कम पाठवतात, म्हणजे तो पत्ता आपल्या इतिहासात दिसावा. पुढच्या वेळी आपण इतिहासातून पत्ता कॉपी केला की संपलं. पत्ता इतिहासातून उचलू नये, जतन केलेल्या यादीतून घ्यावा, आणि टोकांबरोबर मधली सहा-आठ अक्षरंही ताडून पाहावीत.

‘डॉलरला बांधलेलं’ याचाही अर्थ नीट समजून घ्यावा. मे २०२२ मध्ये टेरा यूएसडी कोसळलं, कारण त्यामागे डॉलर नव्हते, जोडीच्या दुसऱ्या नाण्यावरचा भरवसा होता. यूएसडीसी या टोकनामागे खरे डॉलर होते, तरी मार्च २०२३ मध्ये ३.३ अब्ज डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकल्याची बातमी आली आणि भाव ८८ सेंटच्या आसपास घसरला. ठेवी सुरक्षित असल्याचं अमेरिकी सरकारने जाहीर केल्यावर सावरला. शिवाय अशी टोकनं काढणारी कंपनी कुठलाही पत्ता गोठवू शकते. ही सोय चोरांविरुद्ध कामाला येते, पण ‘तुमचा पैसा फक्त तुमचा’ हे वाक्य इथे लागू नाही.

बारा शब्द

२,०४८ शब्दांच्या यादीतले बारा शब्द म्हणजे सगळी मालमत्ता. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं एकमेव असतात, त्यामुळे अक्षर थोडं पुसट झालं तरी शब्द ओळखता येतो. तपासणी मात्र वाटते तितकी कडक नाही: बारा शब्दांत तपासणीचे फक्त ४ बिट असतात, म्हणून एखादा शब्द चुकीचा लिहिला तर साधारण सोळात एकदा वॉलेट ती चूक पकडत नाही आणि रिकामं वॉलेट उघडून दाखवतं. वरून जादा परवलीचा शब्द लावला असेल तर तिथे तपासणी अजिबात नाही. एक कॅपिटल अक्षर चुकलं की वेगळंच, पूर्णपणे वैध, रिकामं वॉलेट. चूक झाल्याची सूचना कधीच येत नाही.

म्हणून लिहून झाल्यावर, पैसे भरण्याआधी, वॉलेट पुसून त्याच कागदावरून परत उभं करावं आणि पहिला पत्ता तोच येतो का पाहावं. वीस मिनिटांचं काम आहे. फोटो काढू नये. फोटो क्लाउडवर आपोआप जातो.

सगळे आले तर?

बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी, म्हणजे दिवसाला १४४. दिवसात ५ लाख व्यवहार मावतात असं धरलं आणि ८०० कोटी माणसांनी प्रत्येकी फक्त एक चॅनल उघडायचं ठरवलं, तर १६,००० दिवस लागतील, जवळजवळ ४४ वर्षं. एका व्यवहारात अनेकांची चॅनलं उघडून हा काळ कमी करता येतो, पण नाहीसा होत नाही. त्यामुळे वाढ झालीच तर बहुतेकांचे पैसे कुणातरी कंपनीच्या ताब्यातल्या वॉलेटमध्ये असतील. तशी वॉलेटं वापरायला फारच सुखाची आहेत: चॅनल नाही, मणी नाहीत, ॲप झोपलेलं चालतं. फक्त ती बुडाली तर ठेवीला विम्याचं कवच नसतं. माउंट गॉक्स हे एक्स्चेंज फेब्रुवारी २०१४ मध्ये बुडालं, त्याच्या ठेवीदारांना नाण्यांची परतफेड सुरू झाली जुलै २०२४ मध्ये.

सरकारी जोरावर वापर वाढतो का, याचा प्रयोग एल साल्वादोरने करून पाहिला. सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन कायदेशीर चलन झालं, सरकारी वॉलेट उघडणाऱ्याला ३० डॉलर मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून ते स्वीकारण्याची सक्ती काढून टाकली. उलट केनियात २००७ पासून चालणारी एम-पेसा ही पैसे पाठवायची सेवा साध्या बटणांच्या फोनवर चालते. त्यात साखळी नाही, खाणकाम नाही. पण रोख भरून-काढून देणारा एजंट कोपऱ्यावर असतो, आणि चुकीच्या नंबरवर पैसे गेले तर निदान तक्रार करायला जागा असते.

सध्या आमची मांडणी अशी: लायटनिंगमध्ये आठवड्याच्या खर्चाएवढे, कंपनीच्या वॉलेटमध्ये हरवले तरी चालतील एवढेच, टोकनं एकाच कंपनीची नाहीत, आणि हार्डवेअर वॉलेटमधली जमा फीचा दर ५ सॅटच्या खाली असताना एकत्र केलेली. नव्या पत्त्यावर मोठी रक्कम पाठवण्याआधी छोटी रक्कम पाठवून समोरच्याकडून पोचल्याची खात्री करतो. तिची फी वेगळी पडते, आणि घेणाऱ्याकडे आणखी एक चिल्लर तुकडा वाढतो.